उस्तादांच्या देखत बोललेले दोन शब्द

अलीकडे कोणी मला कार्यक्रमाला बोलावून 'दोन शब्द बोला' म्हटलं, की मी पाय दुखतो म्हणून सांगतो. पाय दुखतोच, त्यामुळे ते खोटंही नाही. पण खरं कारण वेगळं आहे. आयुष्यात एकदाच मी लाउडस्पीकरच्या भोंग्यावरून दोन शब्द बोललो, आणि त्याचा शीण अजून गेलेला नाही. साठ सालानंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट असेल, वणीची. त्या वेळी तिथे असलेली माणसं आता फार उरली नाहीत. जी उरलीत त्यांनी ती गोष्ट इतकी रंगवून सांगितलीय, की एकदा सरळ सांगून मोकळं व्हावं म्हणतो.

मी तेव्हा एका जिनिंगच्या कारखान्यात काट्यावर बाबू होतो. कापसाच्या गाड्या यायच्या, कापूस तोलला जायचा, मी लिहून घ्यायचो. आमच्या घराण्यातला मी पहिला मॅट्रिक. हमालीला गेलेल्या बापाचा मुलगा त्याच कारखान्यात खुर्चीवर बसला, याचं मला स्वतःलाच फार कौतुक होतं. त्या कारखान्यात आमचा फुटबॉलचा संघ होता. मालकाचा नव्हे, आमचाच. सात-आठ जण हमाल आणि प्रेसवर काम करणारे, एक सायकलवाला, एक शिंपी आणि मी. मी लेफ्ट आऊट खेळायचो, कारण मला पळता यायचं आणि दुसरं फारसं काही यायचं नाही.

आम्हाला सगळ्यांना खेळायला शिकवलं ते उस्तादांनी. ते कारखान्यात फिटर होते. पन्नाशीचे, किडकिडीत, डोक्यावर तेलकट टोपी, नखांत कायमचं काळं ग्रीस. तरुणपणी नागपूरला खेळलेले होते. चालत्या रेच्याला, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राला, कान लावून कोणती पाती घासतेय ते सांगायचे, आणि तसंच माणूस पळताना पाहून त्याचा कोणता गुडघा दुखतोय तेही सांगायचे.

एक गोष्ट बाहेरच्यांना समजत नाही म्हणून सांगतो. कारखान्याचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. आणि फुटबॉलचे सामनेही त्याच दिवसांत व्हायचे, कारण तेव्हा मैदान कोरडं असायचं आणि लोकांना फुरसत असायची. म्हणजे लोक खेळ पाहायला दुपारची झोप काढून यायचे आणि आमचे हमाल सकाळपासून कापूस वाहून यायचे. रविवारीसुद्धा अर्धा दिवस काम असे. आमचा संघ ताज्या पायांनी कधी खेळलाच नाही. सामन्याआधी आमच्यातले तिघे-चौघे मैदानाच्या कडेला सरळ झोपलेले असत, आणि त्यांना शिट्टी वाजायच्या आधी पायाने ढोसून उठवावं लागे.

म्हणून असेल किंवा स्वभाव म्हणून असेल, उस्तादांची खेळवायची एक पद्धत होती. सुरुवातीला जेवढा दम आहे तेवढा लावायचा आणि एक गोल करायचा. गोल झाला की ते कडेवरून ओरडायचे, "गाठ बांधा." आमच्या प्रेसमध्ये रुई दाबून तिच्यावर लोखंडी पट्ट्या आवळायचे, त्याला गाठ बांधणं म्हणत. एकदा पट्टी बसली की आत काही जात नाही आणि बाहेर काही येत नाही. उस्तादांच्या तोंडून ते शब्द निघाले की आम्ही सात-आठ जण आपल्याच गोलसमोर जाऊन उभे राहायचो आणि आलेला चेंडू लांब भिरकावून द्यायचो. संपेपर्यंत तेच.

आम्ही पुष्कळ सामने एक-शून्यने जिंकलो. पण आमच्यासाठी टाळी कधी वाजली नाही. लोक म्हणायचे, अंडे उबवून राह्यले. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बायाही मला विचारायच्या, काय बाबू, कितीक पिल्लं निघाली. मी हसायचो आणि घरी येऊन चरफडायचो.

उस्ताद असे का खेळवतात, ते कोणापासून लपलेलं नव्हतं. आमच्या कारखान्याच्या फाटकावर एक चौकीदार होता. तो पूर्वी आमचा सेंटर फॉरवर्ड होता, आणि म्हणतात की असा खेळाडू वणीत पुन्हा झाला नाही. मी संघात यायच्या आधीच्या एका सामन्यात आम्ही एका गोलने पुढे होतो. तो दमला होता, मागे राहतो म्हणत होता. उस्तादांनीच त्याला "जाय पुढं" म्हणून पिटाळलं. पुढे गेला आणि नडगी मोडली. हाड नीट बसलं नाही. एक पाय आखूड झाला, हमाली सुटली. उस्तादांनी मालकाच्या हातापाया पडून त्याला फाटकावर स्टूल मिळवून दिलं. तेव्हापासून रोज सकाळी आत येताना उस्ताद त्याच्यापाशी थांबायचे आणि विचारायचे, "चहा घेतला काय?" तो म्हणायचा, घेतला. एवढंच बोलणं, पण एक दिवस चुकलं नाही.

आम्हाला या सगळ्याचा कंटाळा आला होता. हे कबूल करायला आज बरं वाटत नाही, पण आला होता. चहाच्या हॉटेलात आम्ही बसलो की तीच चर्चा. शिंपी म्हणायचा, माझे पाय काय फक्त मशीन चालवायला दिलेत? सायकलवाला म्हणायचा, उस्तादांनी आता घरी बसावं. मी त्यात सगळ्यांत जास्त बोलायचो. आमच्या घरातले देव काही वर्षांपूर्वीच देव्हाऱ्यातून उतरले होते. माझ्या आईने स्वतःच्या हाताने ते उतरवले होते. जगात विचारता येणार नाही असा कोणी नाही, ही गोष्ट मी नव्यानेच शिकलो होतो, आणि नव्याने शिकलेली गोष्ट माणूस जिथे तिथे वापरून पाहतो. मग उस्तादांचं काय घेऊन बसलात?

त्या वर्षी आम्ही जत्रेच्या मैदानावरच्या सामन्यांत अंतिम फेरीपर्यंत पोचलो. समोर चांद्याकडचा संघ होता. शिंप्याने सुरुवातीलाच एक सुरेख गोल केला. लोक अजून टाळ्या वाजवायच्या बेतात होते, तेवढ्यात कडेवरून आलं, गाठ बांधा. मग आम्ही बांधली. पुढचा सगळा वेळ आम्ही गोलसमोर उभे राहून मार खाल्ला. चेंडू लांब मारायचा, तो परत यायचा, पुन्हा मारायचा. माझ्या डोळ्यांवर अंधारी येत होती. खेळून आलेली नव्हे, उभं राहून आलेली. संपायला दोन-चार मिनिटं असताना त्यांनी गोल केला. एक-एक.

नियम असा होता की बरोबरी झाली तर पुढच्या रविवारी सामना पुन्हा. म्हणजे त्या दिवशी कोणी जिंकलं नव्हतं, कोणी हरलं नव्हतं, सगळ्यांनी घरी जायचं होतं. पण यवतमाळहून पाहुणे म्हणून एक साहेब जीपने आले होते. मंडप घातला होता, भोंगा लावला होता, झेंडूचे हार आणले होते. हार आणलेत म्हटल्यावर ते कोणाच्या तरी गळ्यात पडलेच पाहिजेत. मग बक्षीस नसलेला बक्षीस समारंभ झाला. कप टेबलावर तसाच, आणि साहेबांनी खिलाडूवृत्तीवर भाषण केलं. त्यानंतर दोन्ही संघांच्या कप्तानांनी दोन शब्द बोलावेत असं ठरलं.

आमचा कप्तान गोलकी होता. वयाने मोठा हमाल, दिवसात दहा वाक्यंही न बोलणारा. त्याने माझ्या पाठीला हात लावून मला पुढे ढकललं. तू शिकलेला आहेस, तू बोल.

मी खरोखर आभारच मानणार होतो. साहेबांचे मानले, सामने भरवणाऱ्या मंडळाचे मानले. मग उस्तादांचं नाव घ्यायची वेळ आली आणि मी खाली पाहिलं. ते मंडपाच्या पुढ्यात बादली घेऊन उभे होते. प्रत्येक सामन्यात पाण्याची बादली आणि चिरलेली लिंबं तेच आणायचे. त्यांचा चेहरा अगदी शांत होता, रोजच्यासारखा. त्या शांतपणाचाच मला राग आला. मी म्हणालो, उस्तादांनी आम्हाला खेळायला शिकवलं, आता त्यांनी आम्हाला खेळू द्यायला शिकावं. लोक हसले. हशा मिळाला की माणूस थांबत नाही. माझी पुस्तकी मराठी गळून पडली आणि भोंग्यातून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं:

"एकाचा पाय मोडला म्हून अकरा जनायनं जनमभर लंगडत खेळावं काय?"

टाळ्या पडल्या. आमच्या संघाला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या. चौकीदार मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. तोही हसत होता आणि टाळ्या वाजवत होता, हे मी स्वतः पाहिलं. उस्तादांनी उरलेली लिंबं चांद्याच्या पोरांना वाटली, टिनाचा मग विसळला, बादली उपडी केली आणि चेंडूची जाळी खांद्यावर टाकून घराकडे निघाले. आमच्यातला एकही जण त्यांच्याबरोबर गेला नाही. सगळे मला खांद्यावर घेण्यात गुंतले होते.

दुसऱ्या दिवशी फाटकातून जाताना मी मान खाली घातली. चौकीदाराने हाक मारली. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "माहा पाय मोडला, तोंड नाही मोडलं. मले भोंगा देल्ला असता त मी बी हेच बोललो असतो. मले काही लागलं नाही."

मी सुटलो असं वाटून पुढे निघालो, तर तो मागून म्हणाला, "पन बाबू, हे तू त्यायले कारखान्यात म्हनाले पायजे होतं. इथं त्यायनं तुले काहीतरी जवाब देल्ला असता."

हे मला आधी सुचलंच नव्हतं. मंडपात उस्तादांच्या हातात बादली होती, भोंगा नव्हता. मी दिवसभर काट्यावर बसून होतो आणि आकडे दोनदोनदा चुकत होतो.

संध्याकाळी सरावाला आम्ही कारखान्याच्या आवारात जमलो. उस्ताद येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. ते आले, नेहमीच्या वेळेला. मी माफी मागायची म्हणून शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्यापुढे धरली. म्हणाले, रविवारी तू सांग कसं खेळायचं. आवाजात राग नव्हता की टोमणा नव्हता. एक फिटर पाळी संपल्यावर दुसऱ्याच्या हातात पाना देतो तसं, इतकंच. मी शिट्टी घेतली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. माफीचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

रविवार आला. उस्ताद मैदानावर नव्हते. एक रेचा बिघडलाय, तो उघडून बसलेत, असं कोणी सांगितलं. मी सगळ्यांना म्हटलं, आज गाठ नाही, काही नाही, मोकळे खेळा. आणि काय खेळलो आम्ही! शिंपी तर असा पळत होता की त्याच्या पायाला मशीनची सवय आहे हे कोणी म्हटलं नसतं. मध्यंतरापर्यंत दोन-एकने आम्ही पुढे. मध्यंतरात कडेला आलो आणि सगळ्यांनी सवयीने हात पुढे केले. तेव्हा कळलं की पाणी कोणी आणलंच नाही. लिंबंही नाहीत. इतक्या वर्षांत ते आमच्यापैकी कोणाचं काम नव्हतं. समोरच्या संघाने त्यांची घागर आमच्याकडे सरकवली.

दुसरा डाव सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि आमचा फुलबॅक पडला. तो हमाल होता, त्याला तीन मुली, घरात कमावणारा तोच. पडला आणि लगेच उठलाही, पण उजवा पाय टेकताना त्याचं तोंड वाकडं झालं. तेव्हा बदली खेळाडू वगैरे काही नसायचं. तो लंगडत आपल्या जागेवर गेला. त्या क्षणापासून मला मैदानावर दुसरं काही दिसेना. चेंडू कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. मला फक्त तो उजवा पाय दिसत होता. उद्या सकाळी तो कापूस उचलेल का, नाही उचलला तर मुकादम त्याच्या जागी कोणाला घेईल, त्याच्या बायकोला काय सांगायचं, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. आणि मी ओरडलो, "गाठ बांधा! मागं या सगळे, गाठ बांधा!"

मैदानाच्या कडेला हशा पिकला. ज्याने भोंग्यावरून तेवढं ऐकवलं, तोच आता ओरडत होता. मला त्याची लाजही वाटली नाही, इतकी भीती वाटत होती. मी पुन्हा ओरडलो, शिट्टीही फुंकली, तर पंच माझ्यावर डाफरला. आणि माझ्या संघातलं कोणीही मागे आलं नाही. शिंपी माझ्या जवळून पळत जाताना हसून म्हणाला, बाबू, तूच बोलला होता ना. आणि पुढे गेला. तो फुलबॅकसुद्धा लंगडत अर्ध्या मैदानापर्यंत पुढे गेला.

आम्ही तीन-एकने जिंकलो. तिसरा गोल फार देखणा झाला म्हणतात, मध्यातून चेंडू घेऊन शिंप्याने चौघांना चुकवलं. फुलबॅकचा पायही नुसता मुरगळला होता, दोन दिवसांत तो कामावर आला. म्हणजे उस्तादांचं चुकत होतं आणि माझं भोंग्यावरचं बोलणं बरोबर होतं. ते सगळ्या वणीने पाहिलं. मी मात्र घरी आलो तो पाठीवर दिवसभर ओझं वाहिल्यासारखा, आणि आईने काय झालं विचारलं तर म्हणालो, जिंकलो.

सोमवारी मी कप घेऊन उस्तादांच्या शेडमध्ये गेलो. ते एका रोलरवर नवं चामडं चढवत होते. मी कप तेलाच्या डब्याशेजारी ठेवला. त्यांनी चिंधीने हात पुसले, कप उचलून फिरवून पाहिला, चांगला आहे म्हणाले आणि परत ठेवला. मी म्हटलं, उस्ताद, तुम्ही परत या, मी त्याच भोंग्यावरून माफी मागतो. ते म्हणाले, आता पुन्हा भाषण नको बाप्पा. मग चामड्याचं एक टोक त्यांनी मला धरायला दिलं. मी धरून उभा राहिलो. ते खिळे ठोकत राहिले.

काही वेळाने त्यांनी मान वर न करता विचारलं, "तू बी बांधा म्हून ओरडला म्हने."

मी हो म्हटलं.

"कोनी आयकलं?"

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. मग हातोडी खाली ठेवली. "बाबू, तुनं मंडपात सांगतलं तवा मले लय लागलं. झूट नाही बोलत. घरी गेलो त जेवलोच नाही. पन सकाळी उठलो आन वाटलं, येत्या रविवारी मले कोनाचे पाय मोजा लागत नाही. लय हलकं वाटलं. पंधरा वर्सं झाली, मी खेळ नाही पाह्यला रे. पायच पाह्यले. अकरा जनायचे बावीस पाय. ते सामना सुटल्यावर घराकडं निघाले की मंग माहा जीव खाली बसे."

मी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्यापुढे लाकडी बाकावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती उचलून माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकली, पोराच्या खिशात फुटाणे टाकावेत तशी. म्हणाले, आता मले लोकायत बसून पाहू दे. ते थकलेले होते, आणि त्या जागेवरून मीच त्यांना उठवलं होतं. परत या म्हणून आग्रह करायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

पुढच्या हंगामापासून ते खरंच लोकांत बसून सामने पाहू लागले. चौकीदाराला शेजारी बसवायचे, दोघं शेंगा खात बसायचे. गोल झाला की उस्ताद उभे राहून टाळ्या वाजवायचे. आमचाच झाला पाहिजे असंही काही नसायचं. मी खेळणं सोडलं आणि त्यानंतर नऊ वर्षं कडेवरून तो संघ सांभाळला. तेव्हाचे कोणी भेटले की अजून मला सांगत असतात, अमका गोल आठवतो का, शिंप्याने डोक्याने मारलेला, सायकलवाल्याने कोपऱ्यावरून वळवलेला. मी मान डोलवतो. त्या प्रत्येक वेळी मी तिथेच, मैदानाच्या कडेला उभा होतो, आणि त्यांतला एकही गोल मी पाहिलेला नाही.